संकल्पातील अयन, ऋतू आणि तिथी

कोणत्याही पूजेच्या आरंभी यजमान हातात पाणी घेऊन संकल्प सोडतात. त्या वेळी पुरोहित जे शब्द उच्चारतो त्यांकडे बहुधा कोणाचे लक्ष नसते. घरातील बायकांचे मन नैवेद्यात गुंतलेले असते, मुलांचे प्रसादात, आणि यजमान आपले नाव-गोत्र केव्हा विचारले जाते याची वाट पाहत असतात. परंतु ते शब्द म्हणजे आपला संपूर्ण पत्ता होय. आपण कोठे आहोत आणि केव्हा आहोत, हे आपण देवाला त्यातून निवेदन करतो. भरतवर्षात, दंडकारण्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर आपण आहोत, हा देशाचा पत्ता झाला. सिकंदराबादेपासून गोदावरी पुष्कळ उत्तरेस वाहते, तरी तो पत्ता बरोबरच आहे. पुढे काळाचा पत्ता येतो : शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र.

या यादीतील शक आणि वार ही माणसांनी ठरविलेली मोजणी आहे. अयन, ऋतू, पक्ष आणि तिथी या गोष्टी मात्र आकाशात प्रत्यक्ष घडतात, आणि ज्याला डोळे आहेत त्याला त्या पडताळून पाहता येतात. येथेच एक अडचण उभी राहते. ती कित्येक घरांतून, विशेषतः पौषात, आमच्या तीर्थरूपांना आणि आम्हांला विचारली जाते. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते असे छापलेले असते. आपण तिळगूळ देतो तो १४ किंवा १५ जानेवारीस, आणि त्या दिवशी उत्तरायण लागले असे म्हणतो. मग मधल्या तेवीस-चोवीस दिवसांत संकल्पात दक्षिणायन उच्चारणारा पुरोहित देवासमोर खोटे बोलतो काय? प्रश्न मुलाचा असला तरी तो पोरकट नाही. हातात पाणी घेऊन उच्चारलेले वाक्य असत्य असू नये, असे आम्हांसही वाटते. यास्तव या लेखात प्रथम ऋतूंचे कारण, मग अयनाचा हा वाद आणि शेवटी चंद्राच्या कलांचा विचार करण्याचे योजिले आहे.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उकडते, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या अत्यंत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा तिचे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती अत्यंत दूर, म्हणजे सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरांवर असते. जानेवारीत एकंदर पृथ्वीला जुलैपेक्षा शेकडा ७ च्या जवळपास अधिक ऊन मिळते, आणि तरीही आपण त्याच वेळी शाली पांघरतो. तेव्हा ऋतूंचे कारण अंतरात नाही. ते कलण्यात आहे.

हे समजण्यासाठी घरातील समई आणि पूजेचा नारळ पुरेसा आहे. खोलीच्या मध्यभागी समई लावावी. नारळ हातात धरून त्याची शेंडी हा पृथ्वीचा उत्तर ध्रुव समजावा. आता नारळ सरळ उभा न धरता शेंडी थोडी कलती करावी. हा कल काटकोनाच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे साडेतेवीस अंश असावा. समजा आपले देवघर उत्तरेच्या भिंतीशी आहे, तर शेंडी देवघराकडे कलती ठेवावी आणि नारळ हातात घेऊन समईभोवती फिरावे. फिरताना शेंडी मात्र सर्वकाळ देवघराच्या बाजूसच कलती राहिली पाहिजे. सर्व मर्म एवढ्यातच आहे. मुले नेमकी येथेच चुकतात. ती समईकडे पाहत चालतात आणि नारळही नकळत समईकडे वळवितात. तसे करू देऊ नये. (पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती आपल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने. देवघरातल्या या प्रयोगात प्रदक्षिणेच्याच दिशेने फिरले तरी काही बिघडत नाही.)

आपण समईच्या दक्षिणेस उभे असतो तेव्हा शेंडी ज्योतीकडे झुकलेली असते. नारळाच्या वरच्या अर्ध्या भागावर उजेड सरळ पडतो. हा उत्तर गोलार्धातील उन्हाळा. अर्धी फेरी झाल्यावर आपण समई आणि देवघर यांच्या मध्ये येतो. शेंडी तशीच देवघराकडे, पण आता ती ज्योतीपासून दूर झुकलेली असते. वरच्या भागावर उजेड तिरका, ओढलेला पडतो. हा हिवाळा. मधल्या दोन ठिकाणी शेंडी ज्योतीकडेही नसते आणि दूरही नसते. ती दोन स्थाने म्हणजे २१ मार्च व २३ सप्टेंबर यांच्या सुमारचे समान दिवस-रात्रीचे दिवस, ज्यांना ज्योतिषशास्त्रात संपात म्हणतात. वरचा भाग ज्योतीकडे असतो तेव्हा खालचा तिच्यापासून दूर असतो. म्हणूनच मेलबर्न किंवा सिडनी येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना थंडीसाठी योजिलेला तिळगूळ ऐन उन्हाळ्यात खावा लागतो. तेथे संकल्पात कोणता ऋतू उच्चारावा हा प्रश्न आमच्या प्रश्नाहून बिकट आहे, आणि तो तेथील पुरोहितांवरच सोपविणे बरे.

तिरक्या उन्हाने ऊब कमी का मिळते, असा पुढचा प्रश्न येतो. बॅटरीचा झोत भिंतीवर सरळ टाकला तर लहान, लख्ख वर्तुळ पडते. तोच झोत तिरका टाकला की वर्तुळ लांबट, मोठे आणि फिके होते. प्रकाश तेवढाच राहिला, पण तो अधिक जागेवर पसरला. शिवाय कलामुळे दिवसाचे मानही बदलते. आपल्या गावी जूनच्या उत्तरार्धात दिवस सुमारे १३ तासांचा होतो आणि डिसेंबरच्या अखेरीस सुमारे ११ तासांचा. दोन तास अधिक ऊन आणि तेही सरळ, इतके झाले की उन्हाळ्यासाठी आणखी कारण शोधण्याची गरज उरत नाही.

आमच्या पूर्वजांना हा कल ठाऊक होता. सूर्यसिद्धांतात आणि आर्यभटाच्या ग्रंथात सूर्याची परमक्रांती २४ अंश मानली आहे; आजचे सूक्ष्म मान सुमारे २३ अंश २६ कला आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, रचलेल्या सिद्धांतशिरोमणीत पृथ्वी स्थिर मानली आणि सूर्याचा मार्ग कलता मानला. पृथ्वी कलती म्हणा की सूर्याचा मार्ग कलता म्हणा, सावली तेवढीच पडते. आर्यभटाने तर ४९९ सालीच पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगितले होते. ते मत पुढील ज्योतिष्यांनी स्वीकारले नाही, याचे आम्हांस नेहमी वाईट वाटते.

सावलीचा उल्लेख आलाच आहे, तर तो थोडा विस्ताराने करू. सिकंदराबाद विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेसतरा अंशांच्या किंचित अलीकडे आहे. अंगणात १०० सेंटिमीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि ऐन मध्यान्ही तिची सावली मोजावी. आपल्या गावचा मध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता होत नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेस सुमारे चार अंश आहोत, म्हणून तो सव्वाबाराच्या सुमारास होतो. २२ डिसेंबरला ही सावली उत्तरेकडे सुमारे ८७ सेंटिमीटर पडेल. २१ मार्चला ती सुमारे ३१ सेंटिमीटर राहील. ९ मे रोजी, दुपारी १२ वाजून १२ मिनिटांच्या सुमारास, सावली काठीच्या पायाशीच नाहीशी होईल, कारण त्या क्षणी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर, खस्वस्तिकी असतो. त्यानंतर सूर्य आपल्याला ओलांडून उत्तरेस जातो आणि मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडू लागते! २१ जूनला ती दक्षिणेस सुमारे साडेदहा सेंटिमीटर असते. मग सूर्य परत फिरतो आणि ३ ऑगस्टला, १२ वाजून २२-२३ मिनिटांनी, पुन्हा डोक्यावर येतो. उत्तरेच्या ओसरीवर मे ते जुलै या काळातच मध्यान्हीचे ऊन का येते, याचे कारण हेच. दिल्लीच्या लोकांना हा चमत्कार कधीच दिसत नाही. ते कर्कवृत्ताच्या पलीकडे आहेत.

चौकस वाचक येथे विचारील, की सूर्य डोक्यावर दोनदा येतो, तर उन्हाळे दोन का नाहीत? ३ ऑगस्टला ९ मेसारखाच उन्हाचा ताप का नाही? उत्तर ढगांत आहे. एप्रिल-मे महिन्यांत जमीन समुद्राहून अधिक तापते, तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून ओलसर वारे आत येतात. मृग नक्षत्र लागते त्या सुमारास, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या मागेपुढे, ते वारे तेलंगणात पोहोचतात. ऑगस्टमधील सरळ ऊन ढगांच्या वरच अडकते. युरोपातील लोकांचे चार ऋतू केवळ सूर्याच्या कलाचे आहेत. आपल्या सहांपैकी वर्षा आणि शरद हे समुद्रानेही घडविलेले आहेत. आपले तेलुगू शेजारी म्हणतात की रोहिणी कार्तेत दगडी उखळेसुद्धा तडकतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात असतो तो मेच्या शेवटच्या आठवड्यापासून मृग लागेपर्यंत. डोक्यावरचे ऊन आहे आणि ढग अद्याप नाहीत, असे हे दिवस. म्हणीत तथ्य आहे.

आता मूळ शंकेकडे येऊ. सूर्य दक्षिणेकडील परमावधी गाठून उत्तरेकडे वळतो तो क्षण २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. काठीच्या सावलीने हे कोणीही पाहावे. त्या तारखेपर्यंत मध्यान्हीची सावली वाढते आणि मग घटू लागते. यात मतभेदास जागा नाही. मग मकरसंक्रांत तीन आठवड्यांनी का? कारण संक्रांत ही सूर्याच्या वळण्याची घटना नसून सूर्याच्या तारकांमधील स्थानाची घटना आहे. सूर्य मकर राशीत शिरला की मकरसंक्रांत. एके काळी, सुमारे सतराशे वर्षांपूर्वी, दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडत. तेव्हा संक्रांतीस उत्तरायण म्हणणे अक्षरशः खरे होते. त्यानंतर त्या एकमेकींपासून दूर सरकत गेल्या.

का सरकल्या? भोवरा वेगाने फिरत असताना त्याचा माथा सावकाश डुलतो, तो पाहावा. पृथ्वीचा अक्षही तसाच डुलतो; मात्र एका डुलण्यास सुमारे २६ हजार वर्षे लागतात. समईच्या प्रयोगात आपण शेंडी देवघराकडे स्थिर ठेवली. प्रत्यक्षात ती शतकानुशतके किंचित वळत असते. त्यामुळे संपात तारकांमधून मागे सरकतात, वर्षाला सुमारे ५० विकला. म्हणजे ७२ वर्षांत एक अंश, आणि अंदाजे तेवढ्याच वर्षांत एक दिवस. या सरकण्याची आजवरची बेरीज म्हणजे अयनांश. ते हल्ली २४ अंशांहून थोडे अधिक आहेत. डिसेंबरची २२ आणि जानेवारीची १४ किंवा १५ यांमधले अंतर नेमके तेच आहे.

हे केवळ गणित नव्हे, आठवणीतही आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला आणि ती तारीख १२ जानेवारी होती. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीस झाली. पानिपताचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला म्हणून त्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली असे कित्येक जण सांगतात. परंतु याच हिशेबाने त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. दुःख तेवढेच आहे; सण मात्र त्या दिवशी नव्हता. पावसाची नक्षत्रेही तारकांनाच बांधलेली असल्यामुळे त्यांचीही हीच गत आहे. वराहमिहिराच्या काळी मृग नक्षत्र ऋतुमानाच्या हिशेबात आजच्याहून सुमारे तीन आठवडे आधी लागत असे. शेतकऱ्याने मृगावर विसंबून धूळपेरणी करायची आणि मृगाने हजार वर्षांत पंधरा दिवस पुढे सरकायचे, ही गोष्ट पूजेपुरती राहत नाही.

आमच्या महाराष्ट्रात यावर फार मोठा विचार झालेला आहे, हे नव्या पिढीस सांगावयास हवे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. ते व्यवसायाने शिक्षक होते आणि पंचेचाळिसाव्या वर्षीच निवर्तले. त्यांच्या आधी केरो लक्ष्मण छत्रे यांनी वेधांशी जुळणारे पंचांग काढण्याचा उद्योग आरंभिला होता. पुढे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी केतकी गणित रचले. राशिचक्राचा आरंभ कोणत्या तारकेपासून मोजावा यावर मात्र एकमत झाले नाही. टिळक पंचांगाने रेवती नक्षत्रातील तारा आरंभस्थानी धरला, त्यामुळे त्याचे अयनांश इतरांहून सुमारे चार अंशांनी कमी येतात आणि त्याची संक्रांतही १० जानेवारीच्या आसपास येते. दोन पंचांगांत चार दिवसांचा फरक पाहून ज्यांना ज्योतिषाचीच शंका येते त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की सूर्य कोठे आहे याविषयी दोघांत वाद नाही. मोजपट्टीचे शून्य कोठे ठेवावे एवढाच वाद आहे.

१९५२ साली भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. तीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याच्या 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर हेही होते. समितीने १९५५ साली अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यातील महिने ऋतूंना बांधलेले आहेत. तिचा पौष २२ डिसेंबरला लागतो, म्हणजे खऱ्या उत्तरायणाला. धार्मिक पंचांगासाठी समितीने अयनांश २३ अंश १५ कलांवर कायमचे स्थिर करावेत असे सुचविले होते. तसे झाले असते तर सणांचे सरकणे तेथेच थांबले असते. पंचांगकर्त्यांनी ते मानले नाही आणि संक्रांत पुढे सरकतच आहे.

आता संकल्पात काय म्हणावे? आमच्या तीर्थरूपांचे मत असे, की पंचांग एक धरले म्हणजे त्याचीच भाषा बोलावी. त्या भाषेत अयन हा शब्द राशीवरून ठरतो, म्हणून १० जानेवारीस दक्षिणायन म्हणणारा पुरोहित खोटे बोलत नाही, तो निरयन बोलतो. हे म्हणणे आम्ही हलके लेखत नाही. तथापि अयन म्हणजे जाणे. सूर्य उत्तरेकडे निघाला असताना तो दक्षिणेकडे जात आहे असे म्हणण्यास आमची जीभ अडखळते. संक्रांतीचा सण राशीचा आहे, तो राशीप्रमाणे खुशाल व्हावा. अयन आणि ऋतू यांचा उच्चार मात्र सूर्य दिसतो तसा व्हावा, असे आमचे मत आहे. काही पंचांगांत डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेपुढे उत्तरायणारंभ असे छापलेले असते, तेव्हा आमचे मत अगदीच एकाकी नाही. आमच्या देवळात अद्याप तीर्थरूपांचीच रीत चालू आहे, आणि ती चालू असेतोपर्यंत आम्हीही तेच उच्चारतो. यजमानांच्या मुलांना खरे कारण मात्र आम्ही सांगतो.

चंद्राविषयीची चुकीची समजूत सूर्याविषयीच्या समजुतीहूनही घट्ट आहे. पृथ्वीची सावली पडून चंद्र कमी होत जातो, असे पुष्कळांना वाटते. ती सावली पडते तेव्हा चंद्रग्रहण होते, आणि ते पौर्णिमेसच होऊ शकते. कलांशी तिचा काही संबंध नाही. चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो. त्या उजळ अर्ध्यापैकी आपल्याला किती दिसतो, एवढाच प्रश्न. याचा पडताळा वद्य अष्टमीच्या सकाळी आठच्या सुमारास घ्यावा. सूर्य पूर्वेस असतो आणि अर्धा चंद्र पश्चिमेकडे उतरत असतो. दोघेही एकाच वेळी दिसतात. गच्चीवर उन्हात उभे राहून एक मोसंबे हात लांब करून चंद्राच्या शेजारी दिसेल असे धरावे. मोसंब्याचा जेवढा आणि ज्या बाजूचा भाग उन्हाने उजळलेला दिसेल, तेवढाच आणि त्याच बाजूचा चंद्र उजळलेला दिसेल. सूर्य डोळ्यांसमोर असताना पृथ्वीची सावली चंद्रावर कोठून येणार? हा प्रयोग पाहिलेला मुलगा पुन्हा सावलीची गोष्ट सांगत नाही.

चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी झाली. तीस तिथींत वर्तुळ पूर्ण होते, त्यास सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात. चंद्राची गती कमी-अधिक होत असल्याने तिथी कधी सुमारे २० तासांची तर कधी जवळजवळ २७ तासांची असते. सूर्योदयास जी तिथी असते ती त्या दिवसाची, म्हणून कधी एका तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी. दोन एकादशा कशा आल्या म्हणून पुरोहितावर रागावण्याचे पुष्कळदा कारण नसते.

आमचे सण हेच चंद्राच्या कलांचे उत्तम पुस्तक आहेत. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाच्या वेळी पूर्वेकडे पाहावे. सूर्योदयाच्या थोडे आधी चंद्राची बारीक कोर उगवलेली असते. लक्ष्मीपूजनास चंद्र सूर्याच्याच दिशेस असतो, त्याची उजळ बाजू पलीकडे, म्हणून रात्र काळी. भाऊबीजेस तीच कोर सूर्याच्या दुसऱ्या बाजूस आलेली असते. टँक बंडवर उभे राहून हुसेनसागराच्या पाण्यापलीकडे पश्चिमेस पाहिले की सूर्यास्तानंतर थोडा वेळ ती दिसते, आणि भाऊ नसलेल्या बहिणी तिलाच ओवाळतात. गणेशचतुर्थीचा चंद्र संध्याकाळीच पश्चिमेकडे असतो आणि साडेआठ-नऊच्या सुमारास मावळतो. ज्यांना तो पाहावयाचा नाही त्यांनी त्यानंतर निर्धास्तपणे बाहेर पडावे. कोजागिरीस पूर्ण चंद्र सूर्यास्ताला उगवून मध्यरात्री माथ्याजवळ येतो. गोकुळाष्टमीस चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, आणि कृष्णजन्माची वेळही तीच आहे.

संकष्टीचे व्रत करणाऱ्या आजी-मावशींसाठी एक सूचना. वद्य चतुर्थीचा चंद्र रात्री नऊच्या सुमारास, ऋतुमानाप्रमाणे थोडा पुढे-मागे, उगवतो. मुंबईहून आलेल्या दिनदर्शिकेत बहुधा मुंबईचा चंद्रोदय दिलेला असतो. आपण मुंबईच्या पूर्वेस साडेपाच अंशांहून अधिक आहोत, त्यामुळे आपल्याकडे चंद्र तिच्याहून वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो. पुण्याची वेळ असली तरी सतरा-अठरा मिनिटांचा फरक पडतोच. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसास ही मिनिटे लहान नसतात. पंचांगात आपल्या गावची वेळ पाहावी, अथवा देवळात विचारावे.

अमावास्येस चंद्र सूर्याच्या दिशेस येतो तर दर अमावास्येस सूर्यग्रहण का नाही? चंद्राची कक्षा सूर्याच्या दृश्य मार्गाशी सुमारे पाच अंशांनी कलती आहे. तो बहुधा सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोघे जुळले की ग्रहण. १६ फेब्रुवारी १९८० रोजी असे खग्रास ग्रहण आपल्याच परिसरात दिसले. उस्मानिया विद्यापीठाच्या जपाल-रंगापूर येथील वेधशाळेवरून ते अभ्यासले गेले. या वेधशाळेचा उगम १९०१ साली नवाब जफर जंग यांनी हैदराबादेत स्वखर्चाने उभारलेल्या दुर्बिणीत आहे. पुढे ती निजामिया वेधशाळा म्हणून बेगमपेठेत आली आणि साऱ्या जगातील वेधशाळांनी वाटून घेतलेल्या तारकासूचीच्या कामात तिने लाखो ताऱ्यांची स्थाने मोजली. बेगमपेठेवरून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी कितीकांना हे ठाऊक असेल!

बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस. ऋतुचक्र ३६५ दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते. हैदराबादेत राहणाऱ्यास ही तूट वेगळी शिकवावी लागत नाही. आमचे मुसलमान शेजारी शुद्ध चांद्र वर्ष पाळतात, म्हणून रमजान कधी भर उन्हाळ्यात तर कधी थंडीत येतो, आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून पूर्वस्थानी येतो. आमची दिवाळी शरदातून बाहेर जात नाही, कारण सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी आपण एक अधिक मास घालतो. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक. २०२३ साली अधिक श्रावण होता. जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे की धोंडे करायचे यावर घरोघरी चर्चा होते, पण तो महिना सूर्य आणि चंद्र यांच्या हिशेबातील तडजोड आहे, हे जावयासही ठाऊक नसते.

पृथ्वीचा कल आणि चंद्राची कला ही दोन्ही एकत्र पाहावयाची असतील तर वर्षातील दोन पौर्णिमा निवडाव्यात. पौर्णिमेस चंद्र सूर्याच्या समोर असतो. म्हणून सूर्य जेव्हा दक्षिणेस दूर गेलेला असतो तेव्हा पूर्ण चंद्र उत्तरेस असतो. दत्तजयंतीस, मार्गशीर्ष पौर्णिमेला, चंद्र ईशान्येकडून, मौला अलीच्या टेकडीच्या बाजूने वर येतो आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असतो. आपली सावली पायाशी घोटाळते, जशी मे महिन्याच्या दुपारी. वटपौर्णिमेस तोच पूर्ण चंद्र आग्नेयेकडून उगवतो आणि मध्यरात्रीही दक्षिणेच्या आकाशात अर्ध्याच उंचीवर राहतो. त्या रात्री ढग नसले तर अंगणात काठी उभी करून पाहावी. चांदण्यात तिची सावली डिसेंबरच्या दुपारच्या सावलीइतकी लांब, उत्तरेकडे पडलेली दिसेल.